जुने रिव्हॉल्व्हर आणि नवा धनी

मूल हे भाताच्या गिरण्यांचे गाव. चंद्रपुराहून गडचिरोलीकडे जाणारा रस्ता त्यातून जातो आणि थोड्याच अंतरावर ताडोबा-अंधारीचे जंगल सुरू होते. ह्या टापूत बंदूक ही नवलाची वस्तू कधीच नव्हती. शेताच्या राखणीची भरमार, मालगुजाराच्या वाड्यातील दुनळी आणि शिकारीच्या हौशीबरोबर आलेले एखादे विलायती रिव्हॉल्व्हर अशी तिची तीन कुळे. १९५१ साली मालगुजारी गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारही संपविली. हौस गेली, ऐपत गेली, परंतु परवाने राहिले आणि परवान्यांवरील हत्यारेही राहिली. त्या परवानाधारकांची पिढी आता मावळत आहे. नागपूर-पुण्यास नोकरी करणाऱ्या मुलाला वडिलांचे रिव्हॉल्व्हर ही अडगळच वाटते. मग ते विक्रीस येते, आणि गिरणीमालक, पेट्रोलपंपाचा चालक, रोकड घेऊन रात्री-अपरात्री प्रवास करणारा व्यापारी किंवा निवृत्त जवान त्याचे गिऱ्हाईक ठरतो.

ह्या व्यवहारात एक विचित्र गोष्ट दिसते. कानपूरच्या सरकारी कारखान्यात .३२ बोअरचे नवे कोरे रिव्हॉल्व्हर तयार होते. ते घेण्याऐवजी साठ-सत्तर वर्षे वापरलेल्या विलायती हत्याराला काही लाख रुपये मोजणारे लोक आहेत. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी बंदुका सर्वसामान्य नागरिकाने आयात करण्याचा मार्ग जवळजवळ बंद झाला. त्यामुळे पूर्वी देशात आलेली वेब्ली अँड स्कॉट किंवा स्मिथ अँड वेसन यांची हत्यारे जी आहेत तेवढीच. मालाचा पुरवठा गोठला आणि नावाची किंमत फुगली. गंमत अशी की, कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर हेही मूळ वेब्लीच्याच घडणीवर बेतलेले आहे. तरीही गिऱ्हाईक मूळ नावापुढे मान तुकवते, आणि ज्या यंत्रावर प्रसंगी जीव टाकायचा त्याची परीक्षा मात्र पितळी समई घेताना होते तितकीदेखील होत नाही.

हे परीक्षण कोठून सुरू व्हावे? गिऱ्हाइकाचा हात प्रथम मुठीकडे आणि चापाकडे जातो. वस्तुतः प्रथम पाहावयाचा तो क्रमांक. शस्त्र कायदा १९५९ मधील आठवे कलम ह्या बाबतीत कठोर आहे. कारखानदाराचे नाव, क्रमांक किंवा अन्य ओळखचिन्ह नसलेले अग्निशस्त्र विकता येत नाही. ओळखचिन्ह खोडलेले किंवा बदललेले हत्यार ज्याच्याजवळ सापडेल त्यानेच ते खोडले, असे विरुद्ध पुरावा येईपर्यंत गृहीत धरले जाते. म्हणजे पहिल्या धन्याच्या किंवा मधल्या एखाद्या कारागिराच्या पापाचे ओझे शेवटच्या खरेदीदाराच्या माथी बसते. स्मिथ अँड वेसनचा क्रमांक बहुधा मुठीच्या तळाशी असतो. वेब्लीचा सांगाड्यावर चक्रीच्या खालच्या बाजूस असतो. मूठ बदलली असेल आणि नव्या मुठीखाली क्रमांक झाकला गेला असेल, तर ती उघडून पाहण्याचा आग्रह धरावा. चकचकीत घासलेल्या पृष्ठभागावर अंक मात्र तीक्ष्ण आणि खोल दिसत असतील तर अंक मागाहून ठोकले असण्याचा संभव असतो. उलट, अंक आणि अक्षरे दोन्ही बोथट झाली असतील तर हत्यार घासून पुन्हा मुलामा दिल्याची ती खूण आहे. क्रमांक परवान्यावरील नोंदीशी अंकन् अंक जुळला पाहिजे. एका अंकाची लेखनिकाची चूक म्हणून जी गोष्ट विक्रेता हसण्यावारी नेतो, ती पुढे पोलीस ठाण्यात हसण्यावारी जात नाही.

क्रमांकाचे महत्त्व ह्या देशाच्या इतिहासात एका भयंकर प्रसंगी नोंदले गेले आहे. गांधीजींवर ज्या इटालियन बेरेटा पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या त्याचा क्रमांक ६०६८२४ हा खटल्याच्या कागदपत्रांतून कायमचा राहिला. हे पिस्तूल ग्वाल्हेरात हाती आले होते, आणि ते घेण्याची पाळी का आली हेही अभ्यासण्यासारखे आहे. २० जानेवारी १९४८ च्या सकाळी दिल्लीत हिंदू महासभा भवनामागील रानात कटवाल्यांनी आपली दोन रिव्हॉल्व्हरे तपासून पाहिली. माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याने न्यायालयात सांगितल्याप्रमाणे एकाची चक्री जागेवर बसेना आणि दुसऱ्याची गोळी लक्ष्यापर्यंत पोचलीच नाही. बाजारातून कागदाविना फिरणाऱ्या जुन्या हत्यारांची अवस्था काय असते, याची ही न्यायालयीन नोंद आहे. दुष्टांच्या हातातील हत्यार निकामी निघाले तर जगाचे भलेच होते. परंतु सद्हेतूने परवाना काढणाऱ्या माणसालाही बाजारात त्याच जातीचा माल मिळत असेल तर ते चिंताजनक आहे.

कागदांची गोष्ट चांदा जिल्ह्यात इतर ठिकाणांहून अधिक गुंतागुंतीची आहे. स्वातंत्र्यापूर्वी दिलेला परवाना मध्यप्रांत व वऱ्हाडच्या अमदानीतला. १९५० नंतर तोच मध्यप्रदेशाचा. १९५६ मध्ये जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. चांद्याचे चंद्रपूर झाले, आणि १९८२ च्या ऑगस्टात गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. प्रत्येक स्थित्यंतराबरोबर नोंदवह्यांची भाषा बदलली, शिक्के बदलले, दफ्तरे एका इमारतीतून दुसरीत गेली. आजोबांचा परवाना मुलाच्या नावे झाला तेव्हा हत्याराचे वर्णन नुसते 'एक रिव्हॉल्व्हर, विलायती' असे उतरविले गेले असेल, तर त्या वर्णनात कोणतेही रिव्हॉल्व्हर बसते. म्हणूनच सध्याच्या परवान्यावर समाधान न मानता, मूळ खरेदीची पावती, आयातीचा कागद किंवा निदान आधीच्या परवान्यांच्या प्रती मागणे हा खरेदीदाराचा अधिकार आहे. खानदानी घराण्याला त्यात अपमान वाटण्याचे कारण नाही.

वारसांच्या बाजूनेही अडाणीपणा कमी नसतो. परवानाधारक वारला की हत्यार घरात ठेवणे बेकायदा ठरते. कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वडिलांचे वर्षश्राद्ध उलटून गेल्यावर कपाट आवरताना रिव्हॉल्व्हर सापडले, असे सांगणारा वारस स्वतःच्या अडचणीत गिऱ्हाइकालाही ओढतो. खाजगी व्यक्तीला आपले हत्यार परवानाधारकास विकता येते. परंतु तसा इरादा जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला लेखी कळवून निदान ४५ दिवस थांबावे लागते. 'आज पैसे द्या, कागद नंतर करू' असे म्हणणाऱ्याची संगत येथेच सोडावी. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगण्याची मुभा ठेवली. तेव्हा ज्यांच्याजवळ तीन होती त्यांना एक काढावे लागले. माणूस तीनांतले कोणते काढील हे सांगण्यास तर्कशास्त्र नको.

आणखी एक समजूत खेड्यापाड्यांत पसरलेली आहे. हत्यार शंभर वर्षांचे झाले की ते 'अँटिक' होते आणि त्यास परवाना लागत नाही, असे छातीठोकपणे सांगितले जाते. कायद्याच्या ४५ व्या कलमातील सूट फक्त अशा शस्त्रांना आहे, जी दुरुस्ती करून किंवा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरताच येत नाहीत. जुने परंतु चालणारे, किंवा आज बंद पण उद्या कारागिराकडून चालू होणारे रिव्हॉल्व्हर त्या सवलतीत बसत नाही.

ह्यानंतर बोअर. अनेकांची फसगत येथे होते. लष्करी वेब्ली आणि एनफिल्ड रिव्हॉल्व्हरे .४५५ आणि .३८० काडतुसांची होती. ही काडतुसे ज्यांत बसतात व उडतात अशी रिव्हॉल्व्हरे निषिद्ध बोअरच्या वर्गात मोडतात. जिल्हादंडाधिकाऱ्याने दिलेल्या नेहमीच्या परवान्यावर ती घेता येत नाहीत. वेब्लीचे मार्क फोर हे घराणे .३८ मध्येही निघाले आणि .३२ मध्येही; दिसण्यात भावंडे. नळीवरचा छाप वाचल्याशिवाय आणि चक्रीची घरे मापल्याशिवाय निर्णय करू नये. हत्यारावर बाणाच्या टोकासारखी खूण असेल तर ती सरकारी मालकीची खूण होय. ब्रिटिश सरकार लष्करातून हत्यार रीतसर विक्रीस काढताना दोन बाण टोकाला टोक लावून ठोकीत असे. एकच बाण असेल तर ते सरकारी कोठारातून कसे बाहेर पडले, हा प्रश्न शिल्लक राहतो आणि त्याचे उत्तर देण्याची पाळी खरेदीदारावर येऊ शकते.

नावाच्या मोहात आणखी एक सापळा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत स्पेनमधील एबार गावच्या कारखान्यांनी स्मिथ अँड वेसनच्या घडणीची असंख्य रिव्हॉल्व्हरे जगभर पाठविली. त्यांच्या नळीवर मजकूर असे तो अमुक कंपनीची काडतुसे वापरावीत अशा आशयाचा. कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत, बाकीचे बारीक. घाईने वाचणाऱ्यास ते कारखानदाराचेच नाव वाटे. त्यांतील काही बरी होती, पुष्कळांचे पोलाद मऊ होते. इंग्लंडमार्गे आलेल्या परदेशी मालावर १९२५ ते १९५५ ह्या काळात 'नॉट इंग्लिश मेक' असा छाप मारला जाई. हा छाप असलेले 'विलायती' हत्यार विलायतेचे नव्हे हे त्यावरच लिहिलेले असते. खुद्द वेब्ली अँड स्कॉट हे संयुक्त नाव १८९७ नंतरचे आहे, आणि कंपनीने अग्निशस्त्रांचे उत्पादन १९७९ मध्ये थांबविले. सांगितलेले वय ह्या दोन टोकांबाहेर जात असेल तर काहीतरी चुकते आहे. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहांचे मुकुटांकित छाप चक्रीवर आणि नळीवर स्वतंत्रपणे असतात. चक्रीवर असून नळीवर नसतील, तर नळी मागाहून बदलली आहे असे समजावे. मुंगेरच्या कारागिरांचे हात कुशल आहेत, आणि तेथे परवान्याने काम करणारे कारखानेही आहेत; परंतु त्याच परिसरातील चोरट्या भट्ट्यांतून विलायती छापाची बनावट हत्यारेही बाहेर पडत आली आहेत. त्यांवरील इंग्रजी अक्षरांतील चुका पाहूनच पुष्कळदा बिंग फुटते. मूलच्या शाळेत इंग्रजी शिकविणारा एखादा मास्तर अशा वेळी शस्त्रतज्ज्ञापेक्षा कामास येईल.

कागद आणि छाप उतरले म्हणजे मग पोलादाकडे वळावे. हत्यार हाती घेताच विक्रेत्यासमोर ते उघडून प्रत्येक घर मोजून रिकामे असल्याची खात्री करावी. 'रिकामेच आहे साहेब' हे वाक्य पुरावा म्हणून स्वीकारू नये. चापाला बोट न लावता घोडा हळूहळू मागे ओढावा. घोडा पूर्ण मागे अडकण्यापूर्वी किंवा निदान त्याच क्षणी चक्री घट्ट बसली पाहिजे. हे एका घरावर पाहून भागत नाही, सहाही घरांवर पाहावे लागते. कारण एखादाच दाता झिजलेला असतो आणि विक्रेत्याला तो ठाऊक असतो. चक्री उशिरा बसत असेल तर घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत, आणि गोळीचे शिसे खरवडून बाजूने उडते, ते धन्याच्या बोटांवर किंवा शेजाऱ्याच्या डोळ्यात. बसलेली चक्री बाजूला किंचित हलली तर चालेल. पुढे-मागे खडखडली तर मोठी दुरुस्ती आहे. चक्री आणि नळी यांतील फट एक-दोन कागदांच्या जाडीइतकी असावी. मागे अडकविलेल्या घोड्याला अंगठ्याने पुढे दाबावे. तो निसटला तर ते हत्यार फुकटही घेऊ नये. कमरेत मोडून उघडणाऱ्या वेब्ली जातीत बिजागरी आणि वरचा खटका हे दोन दुबळे भाग आहेत. नळी एका हातात व मूठ दुसऱ्या हातात धरून हलविताच तेथील सैलपणा बोलू लागतो.

नळीत पाहण्यासाठी पांढऱ्या कागदाचा कपटा आणि विजेरी पुरते. पीळ स्पष्ट असावा. खोल खड्डे असतील तर गंज खाऊन गेला आहे. नळीत मध्येच एखादे काळे वर्तुळ, सावलीचे कडे दिसले, तर एकेकाळी तेथे गोळी अडकली होती आणि मागून दुसरी झाडली गेली होती असे ओळखावे. ती नळी आतून फुगलेली आहे. पूर्व विदर्भाच्या पावसाळ्यात हा गंज लवकर लागतो. त्यातही हत्यार कातडी म्यानात घालून कपाटात ठेवण्याची रीत घातक आहे. कातडे ओल धरते आणि पोलादाला आतल्या आत खाते. म्यान लागते तेवढ्याच जागी मुलामा उडालेला दिसतो तो त्यामुळे. कित्येक घरांत दर दसऱ्याला हत्याराची पूजा होते आणि खोबरेल चोपडले जाते. ते तेल पुढे चिकट होऊन आतील स्प्रिंगा जाम करते. पूजेत उणे नसते, देखभालीत असते. निकेलचा नवा चकचकीत मुलामा पाहून भुलणाऱ्याने एवढेच विचारावे की जुन्या मुलाम्याखाली झाकण्यासारखे काय होते.

काडतुसांचा प्रश्न स्वतंत्रच आहे. '.३२' ह्या एका आकड्यात निदान तीन काडतुसे दडलेली आहेत: १८७८ चे आखूड, १८९६ चे लांब आणि पिस्तुलाचे वेगळे. कानपूरचे रिव्हॉल्व्हर लांब काडतुसाचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, कमरेत मोडणारी स्वस्त अमेरिकन रिव्हॉल्व्हरे आखूड काडतुसाची आणि काळ्या दारूची. आजच्या धूरहीन दारूचा दाब त्यांनी सोसावा ही अपेक्षाच चुकीची. जुन्या घडणीच्या हत्यारात आणखी एक दोष असतो: घोडा काडतुसावर टेकलेला असताना ते खाली पडले तर उडू शकते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अशाच अपघातात एक अमेरिकन खलाशी मेला, तेव्हा स्मिथ अँड वेसनने आतील अडसर सुधारला. त्यापूर्वीचे हत्यार घेणाऱ्याने सहा घरांचे रिव्हॉल्व्हर पाच घरांचेच समजून वागावे.

एवढे करून हत्यार उत्तम निघाले, तरी मूलच्या रहिवाशापुढे एक प्रश्न उरतो, जो पुण्या-मुंबईच्या खरेदीदारापुढे नसतो. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वन्यजीव कायद्याच्या ३४ व्या कलमाखाली आपली नोंद करावी लागते. तेथे नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीविना मिळत नाही, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर नूतनीकरणाचीही खबर त्यांना द्यावी लागते. वाघाच्या भीतीने रिव्हॉल्व्हर घेऊ पाहणाऱ्यांची संख्या ह्या तालुक्यांत कमी नाही, आणि ती भीती खोटी म्हणता येणार नाही; शेतात आणि मोहफुले वेचताना माणसे मारली गेली आहेत. परंतु .३२ च्या गोळीने वाघ थांबत नाही. जखमी मात्र होतो, आणि जखमी वाघ गावाला काय करतो हे जंगलकाठच्या माणसाला शिकविण्याची गरज नाही. त्या भीतीवरचा इलाज वनखात्याच्या गस्तीत, गुराख्यांच्या सोबतीत आणि वेळेवर मिळणाऱ्या भरपाईत शोधावयाचा आहे.

राहता राहिला शासनाचा वाटा. जुनी मालमोटार रस्त्यावर आणावयाची तर तिची योग्यता तपासून प्रमाणपत्र घ्यावे लागते. ब्रिटनमध्ये झिजून मापाबाहेर गेलेली नळी नव्याने परीक्षागृहातून उतरल्यावाचून विकणे हा गुन्हा आहे. येथे मात्र जुने रिव्हॉल्व्हर एका परवान्यावरून दुसऱ्यावर जाताना पाहणी होते ती मुख्यतः क्रमांक आणि बोअर जुळतात की नाही याची; घोडा निसटतो की नाही हे पाहण्याचे कोणाच्याच टेबलावर लिहिलेले नाही. नव्या परवानाधारकाने सुरक्षिततेचे प्रशिक्षण घ्यावे अशी तरतूद २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. माणसाची परीक्षा घेणाऱ्या सरकारला हत्याराची परीक्षा घेणे जड जाऊ नये. प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात शस्त्रागार असते आणि पोलिसांची हत्यारे दुरुस्त ठेवणारे आर्मोरर असतात. विक्रीच्या इराद्याची सूचना दिल्यावर जे ४५ दिवस नुसते मोजण्यात जातात, त्यांतील एक दिवस चंद्रपूरच्या मुख्यालयात ठरावीक शुल्क घेऊन हत्याराची यांत्रिक तपासणी व्हावी आणि तिचा निकाल विक्रीच्या कागदांना जोडला जावा. नापास ठरलेले हत्यार दुरुस्त करून पुन्हा आणण्याची किंवा सरकारजमा करण्याची मुभा धन्याला द्यावी. ह्यासाठी नवे खाते उघडावे लागणार नाही. शस्त्र नियमांत एका कलमाची भर पुरेल, आणि ती घालण्याचा अधिकार केंद्र सरकारचा असला तरी तशी शिफारस करण्यास राज्याच्या गृहखात्याला कोणी अडविलेले नाही. विक्रेते कुरकुरतील, त्यांच्या कपाटातील काही नामांकित माल त्यात गळेल.

तोवर हे काम खरेदीदाराच्या अंगावर आहे. त्याने चंद्रपूर किंवा नागपूरच्या दुकानाची पायरी चढताना खिशात विजेरी आणि पांढरा कागद ठेवावा, सोबत लष्करात किंवा पोलिसांत शस्त्रे हाताळलेला एखादा निवृत्त माणूस न्यावा, आणि आगाऊ रक्कम पहिल्या भेटीत देऊ नये. विक्रेत्याने मूठ खोलून क्रमांक दाखविण्यास नकार दिला, तर कानपूरच्या नव्या रिव्हॉल्व्हरचा भाव विचारून परत फिरावे.